चोवीस थीमच्या पाच कशा झाल्या

आमच्या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये गेल्या दिवाळीपर्यंत रंगांच्या २४ थीम होत्या. त्यांतल्या १९ मी काढून टाकल्या, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी काहींनी रागाने आणि काहींनी हळहळून पत्रे पाठवली. एकाने तर 'माझी जांभळी परत द्या' एवढे एकच वाक्य तीनदा लिहिले. प्रत्येकाला तोच खुलासा पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख.

ॲप छोटे आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मी आणि माझा एक सहकारी ते चालवतो. तो कोड लिहितो आणि पडद्यावर जे जे दिसते ते मी पाहते. कामे मराठीत लिहावीत, आजची, उद्याची आणि राहून गेलेली वेगळी दिसावीत, झाले की खूण करावी, इतकाच त्याचा पसारा. 'थीम वाढवा' ही मागणी पहिल्या महिन्यापासून येत होती आणि खरे सांगायचे तर ती पुरवणे आम्हाला सर्वांत सोपे होते. नवी सोय करायची तर आठवडे जातात. नवी थीम म्हणजे चार हेक्स कोड, म्हणजे रंगांचे संगणकी क्रमांक, बदलायचे, एखादे गोंडस इंग्रजी नाव द्यायचे आणि 'नवीन काय' या मथळ्याखाली एक ओळ वाढवायची. अशा रीतीने 'ओशन', 'फॉरेस्ट', 'मिडनाइट', 'सनसेट' करत आम्ही चोवीसपर्यंत पोहोचलो. यांतली प्रत्येक थीम मी रात्री, घरातल्या ट्यूबलाइटखाली, माझ्या बऱ्यापैकी महागड्या फोनवर आणि माझ्या धडधाकट डोळ्यांनी तपासली होती. या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द पुढे माझ्या अंगाशी आला.

पहिला दणका घरातूनच बसला. सांगलीला राहणारा माझा मामा निवृत्त झाल्यापासून आमचे ॲप मोठ्या निष्ठेने वापरतो आणि त्याने 'फॉरेस्ट' थीम निवडली होती, कारण शेतीच्या माणसाला हिरवे बरे वाटते असे त्याचे म्हणणे. आमच्या यादीत राहून गेलेल्या कामापुढे लाल ठिपका, आजच्या कामापुढे नारिंगी आणि झालेल्या कामापुढे हिरवा ठिपका येत असे. विजेचे बिल भरायचे राहिले, विलंब आकार लागला, आणि मामाने मला फोन करून शांतपणे विचारले, "अगं, हे ठिपके कशाला दिलेत तुम्ही? मला तर सगळे एकाच रंगाचे दिसतात, वाळलेल्या गवतासारखे." मामाला पिकलेला आणि कच्चा टोमॅटो दाबून पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून बाजाराची पिशवी मामीकडे असते, ही आमच्या घरातली तीस वर्षांची थट्टा आहे. मी लहानपणापासून त्या थट्टेत सामील होते, आणि तरीही त्याच्या हातात लाल-हिरव्या ठिपक्यांचे ॲप दिले.

लाल-हिरव्यातला हा गोंधळ एक्स गुणसूत्रावरून उतरतो, म्हणून तो पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एक आणि स्त्रियांत २०० जणींमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. आपल्याकडे ते त्याहून कमी नोंदले गेले आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. (मामाचे जे आहे ते आईमार्फत माझ्या भावाकडे येऊ शकले असते. आले नाही, पण त्याचे कपड्यांचे रंग पाहता मला अधूनमधून शंका येते.) यावर उपाय नवा नाही: अर्थ केवळ रंगावर टांगू नये, हे सुलभतेच्या, म्हणजे दृष्टिदोष किंवा अपंगत्व असलेल्यांनाही वापरता यावे यासाठीच्या, नियमांत फार पूर्वीपासून लिहिलेले आहे. आता आमच्याकडे राहिलेल्या कामापुढे भरीव त्रिकोण येतो, आजच्या कामापुढे पोकळ वर्तुळ येते आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण येऊन मजकुरावर रेघ पडते. रंगही बदलले, लाल-हिरव्याऐवजी नारिंगी आणि निळा घेतला, कारण ही जोडी मामासारख्यांनाही वेगळी दिसते. मामाची पावती तुटक होती: "आता कळतंय."

त्यानंतर मी प्रथमच ॲप रंगांशिवाय पाहिले. अँड्रॉइडच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'सिम्युलेट कलर स्पेस' नावाचा पर्याय असतो. त्यात 'मोनोक्रोमसी' निवडली की सगळा फोन जुन्या कृष्णधवल दूरदर्शनसंचासारखा होतो. त्याच यादीत लाल-हिरव्याच्या दोषाचे पर्यायही आहेत आणि ते निवडून मी मामाचे वाळलेले गवत स्वतः पाहिले. चोवीसच्या चोवीस थीम मी अशा पाहिल्या आणि त्यांतल्या अकरा थीममध्ये बटण व त्यावरची अक्षरे, किंवा मथळा व त्यामागची पट्टी, एकमेकांत विरघळून गेली. रंगीत असताना त्या देखण्या दिसत होत्या, कारण डोळा रंगछटेच्या फरकावर भुलत होता. उजळपणात मात्र काही फरकच नव्हता. तेव्हापासून माझी कामाची पद्धत उलटी झाली आहे: आधी सगळी मांडणी राखाडीच्या पाच-सहा पायऱ्यांत करायची, ती नीट वाचता आली तरच तिच्यात रंग भरायचा. नऊवारी नेसायची आधी शिकायची आणि मग तिचा रंग ठरवायचा, तसे काहीसे.

उजळपणातला हा फरक मोजण्याचे एक ठरलेले गणित आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला किमान ३:१ इतका कॉन्ट्रास्ट हवा. पांढऱ्यावर शुद्ध काळे म्हणजे २१:१, त्यापुढे काही नाही. या गणितात हिरव्याचा वाटा ७१.५२ टक्के, तांबड्याचा २१.२६ आणि निळ्याचा अवघा ७.२२ टक्के धरलेला आहे, कारण आपल्या डोळ्याला उजेड जाणवतो तो मुख्यतः त्या क्रमाने. त्यामुळे पांढऱ्यावर शुद्ध निळी अक्षरे ८.५ च्या वर जातात आणि शुद्ध हिरवी १.४ पर्यंतही पोहोचत नाहीत. राखाडीची सीमारेषा तर केसाएवढी आहे: पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा राखाडी ४.४८ वर अडकतो आणि ७६७६७६ चा ४.५४ घेऊन उत्तीर्ण होतो. माझ्या डोळ्याला या दोघांत कणभरही फरक दिसत नाही, हे येथे कबूल करते. तरीही कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि ती दुसऱ्या कुणीतरी मारून ठेवलेली असली की सहकाऱ्याशी होणारे वाद निम्मे मिटतात.

सर्वांत मोठा वाद झाला तो केशरीवर. आमची 'सनसेट' थीम म्हणजे २५५, १५३, ५१ या आकड्यांचा (क्रमाने तांबडा, हिरवा आणि निळा, प्रत्येक २५५ पैकी) केशरी आणि त्यावर पांढरी अक्षरे. दिसायला प्रसन्न, पण कॉन्ट्रास्ट २.१. त्याच केशरीवर काळी अक्षरे ठेवली की आकडा ९.८ वर जातो. सहकाऱ्याला केशरीवर काळे अभद्र वाटत होते. मी त्याला एसटीच्या थांब्यांवरच्या, दुकानांवरच्या, लग्नाच्या मांडवावरच्या पिवळ्या-केशरी पाट्या आठवायला सांगितल्या: रंगाऱ्याने तिथे गणित न करता काळे किंवा गडद लाल घेतलेले असते, कारण त्याला रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवे असते. पिवळ्या कुळातल्या रंगांवर पांढरे लिहिण्याची हौस फक्त पडद्यावर काम करणाऱ्यांना सुचते.

देवनागरीला या बाबतीत आणखी जपावे लागते आणि याबद्दल कुठे फारसे लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून थोडे थांबून सांगते. रोमन लिपीतल्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट थोडा कमी पडला तर वाचणारा शब्दाच्या आकारावरून सावरून घेतो. आपल्याकडे अर्थाचा मोठा भाग शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली लटकत असतो, आणि तो भाग अक्षराच्या मानाने फार बारीक असतो. फिक्या राखाडीत आधी लुप्त होतो तो अनुस्वार, मग रफार, मग ऱ्हस्व उकार. आमच्या एका फिक्या थीममध्ये मी स्वतः लिहिलेले 'रंग आणणे' हे काम मला दुपारच्या उन्हात 'रग आणणे' असे दिसले, आणि थंडीचे दिवस असल्यामुळे मी ते खरेच मानून दोन मिनिटे कोणता रग, असा विचार करत उभी होते. त्या दिवसापासून बारीक मजकुरासाठी मी ४.५ वर समाधान मानत नाही. ७ च्या वर जाते, जी त्याच मार्गदर्शक तत्त्वांतली अधिक कडक पायरी आहे. कामाखाली येणारी तारीख पूर्वी नाजूक, फिकट दिसायची, तशी ती आता दिसत नाही. ज्यांना ती 'जरा ठसठशीत' वाटते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

आता डार्क मोड. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या दोन्हींनी संपूर्ण फोनसाठी गडद रूप आणले आणि त्यानंतर ते नसलेले ॲप म्हणजे जणू दार नसलेले घर झाले. आमच्याकडे गडद थीम होत्या सात. त्यांतली एकही नीट नव्हती, कारण मी उजळ थीम घेऊन तिच्यात पांढऱ्याच्या जागी काळा आणि काळ्याच्या जागी पांढरा भरला होता. असे उलटवून चालत नाही. काळ्यावर शुद्ध पांढरी अक्षरे रात्री डोळ्यांपुढे फुटल्यासारखी दिसतात, विशेषतः ज्यांना तिरका नंबर आहे त्यांना, कारण गडद पडद्यापुढे बाहुली रुंदावते आणि अक्षरांच्या कडा विस्कटतात. आपली भरगच्च जोडाक्षरे तर आतून भरून येतात आणि 'ष्ट' की 'ष्ठ' हे सांगता येत नाही. उजळ पार्श्वभूमीवर उठून दिसणारा गडद निळा काळ्यावर बुडतो. उजळ थीममध्ये एखादी चौकट वर उचललेली दिसावी म्हणून तिच्याखाली सावली देतात. काळोखात सावली कशी दिसणार? तिथे वरची चौकट थोडी अधिक उजळ करावी लागते. गूगलच्या मटेरियल डिझाइन या रचनेच्या नियमावलीने गडद पार्श्वभूमीसाठी शुद्ध काळ्याऐवजी १२१२१२ हा अतिगडद राखाडी सुचवला होता, तो याच कारणांसाठी. त्यावर पांढरे ठेवले तरी १८.७ इतका कॉन्ट्रास्ट मिळतो, म्हणजे हरवत काहीच नाही, आणि वरच्या थरांना उजळ होत जायला जागा राहते.

यावर येणारा ठरलेला आक्षेप म्हणजे बॅटरी. ओलेड पडद्यावर प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो, म्हणून काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू, त्यामुळे शुद्ध काळ्याने वीज वाचते हे खरे आहे. एलसीडी पडद्यामागचा दिवा मात्र काहीही दाखवले तरी जळतच राहतो, तेव्हा तिथे हा लाभ नाही. किती वाचते, तर अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये काही लोकप्रिय ॲपवर मोजणी करून दाखवले की पडद्याचा उजेड पूर्ण असताना गडद रूपाने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचते, पण उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असताना, म्हणजे घरात आपण बहुतेक वेळा ठेवतो तितका असताना, ही बचत ३ ते ९ टक्के एवढीच भरते. पूर्ण उजेड आपण कधी लावतो? भर उन्हात. आणि भर उन्हात गडद थीम वाचताच येत नाही. स्वारगेटला दुपारी एक वाजता काजळासारख्या पडद्यात मला माझाच चेहरा आणि मागची रिक्षा दिसली होती, यादी नव्हे. शिवाय कित्येक ओलेड पडद्यांवर शुद्ध काळा विझलेला बिंदू पुन्हा पेटायला किंचित वेळ घेतो, म्हणून यादी भरभर सरकवली की अक्षरांमागे जांभळट शेपूट ओढल्यासारखी दिसते. हे सगळे समजून घेऊनही ज्यांना शुद्ध काळाच हवा आहे त्यांच्यासाठी गडद थीममध्ये एक स्वतंत्र बटण ठेवले आहे. सात थीमऐवजी दोन थीम आणि एक बटण.

मध्यंतरी एक घोटाळा आम्ही न करताच झाला. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, फोन वॉलपेपरमधून रंग वेचतो आणि ते ॲपला पुरवू शकतो. सहकाऱ्याने ती सोय उत्साहाने जोडली. माझ्या मावशीच्या फोनवर शेंदूर लावलेल्या गणपतीचे छायाचित्र आहे. साहजिकच तिचे आमचे ॲप शेंदरी झाले, बटणे शेंदरी, मथळा शेंदरी, आणि राहून गेलेल्या कामाचा आमचा इशाराही नारिंगी. तिची यादी उघडली की सगळेच राहून गेल्यासारखे वाटे, आणि ती बिचारी दर सकाळी दचकत असे. यातून एक नियम पक्का झाला: इशाऱ्याचा रंग थीमच्या मालकीचा नाही. थीम कोणतीही असो, वॉलपेपर कोणताही असो, तो रंग थीमच्या मुख्य रंगापासून लांबच राहिला पाहिजे आणि पडद्यावर दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरता कामा नये. वॉलपेपरवरून रंग घेण्याची सोय आम्ही ठेवली आहे, पण शेंदरी-नारिंगी कुळ आले की इशारा गडद किरमिजी होतो. त्रिकोण आहेच.

उरलेल्या पाच थीमची नावे मोतिया, पारवा, मोरपंखी, आमसुली आणि काजळी. पहिल्या तीन उजळ, शेवटच्या दोन गडद. रंगाला मराठीत इतकी नेमकी नावे असताना आपण 'ओशन' का म्हणत होतो, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पारवा म्हटले की कबुतराच्या पाठीचा निळसर राखाडी डोळ्यांपुढे येतो. आमसुली म्हणजे सोलाच्या पाण्याचा नव्हे, वाळलेल्या आमसुलाचा काळपट जांभळा. माझी अडचण झाली ती मोरपंखीपाशी, कारण सहकाऱ्याच्या मते तो हिरवा आणि माझ्या मते निळा. निकालासाठी आम्ही आईकडे गेलो. तिने कपाटातून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली पैठणी काढली, पलंगावर पसरली आणि खिडकीचा पडदा सरकवला. उभे धागे निळे आणि आडवे हिरवे. पदर उजेडाकडे कलवला की निळा, घडी उलटली की हिरवा, आणि मधे कुठेतरी दोन्ही. "कसा धरशील त्यावर आहे," ती म्हणाली आणि घडी घालू लागली. मी फोनने त्या पैठणीचे अकरा फोटो काढले, रंग वेचण्याच्या साधनाने प्रत्येकातून तीन-तीन बिंदू घेतले आणि माझ्याकडे तेहेतीस वेगवेगळे मोरपंखी जमले. पडद्याला आडवे-उभे धागे नसतात, त्याला एकच आकडा सांगावा लागतो. शेवटी ०, १०५, १२० वर थांबले. पांढऱ्यावर तो ६.३ देतो, बटणाला आणि मथळ्याला चांगला. गडद पार्श्वभूमीवर मात्र तोच रंग ३ च्याही खाली घसरतो, म्हणून काजळीमध्ये जिथे मोरपंखी लागतो तिथे १२८, २०३, २१० असा धुतल्यासारखा फिका घेतला आहे. आईला मी दोन्ही शेजारी शेजारी दाखवले. फिका तिला आवडला; गडद पाहून ती म्हणाली, "हा पैठणीचा नाही, हा शाळेच्या गणवेशाचा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

ज्यांची जांभळी गेली त्यांना आमसुली जवळची वाटेल, अशी आशा आहे. स्वतःचा रंग स्वतः निवडण्यासाठी रंगचक्र द्या, अशी सूचना बऱ्याच जणांनी केली आहे, तिला मी नम्रपणे नकार देते आहे. निवडलेल्या कोणत्याही रंगासाठी अक्षरे काळी ठेवायची की पांढरी हे गणिताने ठरवता येते, तेवढे अवघड नाही. पण इशारा, तारीख, झालेल्या कामाची रेघ, चौकटींचे थर असा सगळा संसार त्या एका रंगाभोवती पुन्हा मांडावा लागतो, आणि तो मांडण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर ढकलून आपण निवड दिल्याचे श्रेय घेणे मला पटत नाही.

एक मागणी मात्र आम्ही मान्य केली आहे. नवरात्रात वृत्तपत्रांत नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येतात आणि दर वर्षी त्यांचा क्रम बदलतो. त्याप्रमाणे ॲप रंगावे असे अनेक जणींनी लिहिले होते. पूर्ण थीम न बदलता फक्त वरची पट्टी नऊ दिवस त्या त्या रंगाची होईल आणि यादी जशी आहे तशीच राहील. पिवळ्या, पांढऱ्या आणि केशरी दिवशी पट्टीवरची अक्षरे काळी असतील. राखाडीच्या दिवशी ७६७६७६. मोरपंखीच्या दिवसासाठी आईने पुन्हा पैठणी काढायची तयारी दाखवली आहे, या वेळी सकाळच्या उन्हात.